दुसऱ्या अंकाचं काय करायचं?

भाच्याने पटकथा लिहायला घेतली आहे. वहीच्या पहिल्या पानावर एक लांब आडवी रेघ, तिच्यावर दोन फुल्या आणि फुल्यांखाली आकडे: २५-२७ आणि ८५-९०. "मावशी, या पानांवर गोष्ट वळलीच पाहिजे!" आकडे सिड फील्डचे, १९७९ साली आलेल्या त्याच्या 'स्क्रीनप्ले' या पुस्तकातले. पटकथा १२० पानांची, एक पान म्हणजे एक मिनिट, अंक तीन, आणि ठरलेल्या दोन जागी कलाटणी.

मला आठवला तो भट्टनारायण. बाराशे वर्षांपूर्वी त्यानेही असंच नियम समोर ठेवून लिहिलं असा आरोप आहे, आणि त्यापायी त्याने चांगली बोलणी खाल्ली.

आपल्याकडे ही रेघ भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. तिथे तीन नाहीत, पाच भाग: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. यांना संधी म्हणतात. मुखात बी पेरायचं, प्रतिमुखात ते दिसतंय न दिसतंय असं ठेवायचं, गर्भात हाती येतंय म्हणेपर्यंत निसटायचं, विमर्शात मोठा अडथळा, आणि निर्वहणात सगळे धागे एकत्र. प्रत्येक संधीची पुन्हा उपांगं, एकूण ६४! (भरत तसा समजूतदार. प्रहसनाला दोनच संधी पुरतात, हेही तोच सांगतो.)

भट्टनारायणाचं नाटक 'वेणीसंहार'. दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी द्रौपदीचे मोकळे केस बांधीन, ही भीमाची प्रतिज्ञा. पहिला अंक नुसता पेटलेला. आणि दुसऱ्यात? अभिमन्यू मारला गेलाय, युद्ध ऐन भरात आहे, आणि दुर्योधन बागेत बायकोशी प्रेमालाप करतोय. त्याआधी भानुमतीला पडलेलं स्वप्न आहे: एका मुंगसाने शंभर साप मारले. मुंगूस म्हणजे नकुल. ती मैत्रिणींना स्वप्न सांगत असताना दुर्योधन आडून अर्धवट ऐकतो आणि नकुल म्हणजे पांडव नकुल समजून संशयाने जळतो. मग उलगडा, मग शृंगार.

हा शृंगार इथे कशाला? नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त याचं उत्तर दिलं आणि अजिबात भीड ठेवली नाही. संधी आणि त्यांची अंगं रसासाठी योजायची, केवळ शास्त्र पाळलं हे दाखवायला नव्हे, असं तो म्हणतो. तसं न करण्याचा नमुना म्हणून त्याने थेट 'वेणीसंहारा'चा दुसरा अंक दाखवला. प्रतिमुख संधीत 'विलास' नावाचं एक अंग आहे, त्याची व्याख्या रतिसुखाची इच्छा अशी. तेवढ्यासाठी हा प्रसंग आणून बसवला, हा त्याचा आक्षेप.

पुढे इ.स. १००० च्या सुमारास अभिनवगुप्ताने त्यावर आणखी बारीक बोट ठेवलं. व्याख्येतला 'रति' हा शब्द नुसता नमुन्यादाखल आहे. नाटकाचा मुख्य रस जो असेल त्याचा स्थायीभाव तिथे घ्यायचा. वीररसाच्या नाटकात रतीच्या जागी उत्साह हवा. म्हणजे नियम चुकीचा नव्हता, तो शब्दशः वाचला गेला!

गंमत पुढेच आहे. दहाव्या शतकात धनंजयाने 'दशरूपक' लिहिलं. त्यावरच्या धनिकाच्या टीकेत संध्यंगांची उदाहरणं हवी म्हटल्यावर पानोपानी 'रत्नावली' आणि 'वेणीसंहार'. साहजिकच आहे. साच्यात चपखल बसणारं नाटक साचा शिकवायला सोयीचं. मग पुढचा विद्यार्थी त्यावरूनच नाटक शिकणार.

अमेरिकेतही गाडी याच रुळावरून गेली. फील्ड उदाहरण म्हणून पुन्हा पुन्हा घेतो तो 'चायनाटाउन', १९७४ चा. म्हणजे त्याचं पुस्तक यायच्या पाच वर्षं आधीचा. जोसेफ कॅम्बेलने १९४९ साली पुराणकथांमधलं साम्य शोधणारा ग्रंथ लिहिला. १९८५ च्या सुमारास डिस्नेत काम करणाऱ्या क्रिस्टोफर व्होग्लरने त्याचं सात पानी टिपण केलं आणि ते हातोहात फिरलं. ग्रंथ होता 'गोष्टी अशा दिसतात' सांगणारा. टिपणाचं झालं 'गोष्टी अशा करा'.

इथवर मी आनंदवर्धनाच्या बाजूची. पण त्याच बदनाम दुसऱ्या अंकात एक जागा आहे, ती काही केल्या मनातून जात नाही. बागेत वादळ सुटतं. दुर्योधन भानुमतीला लाडाने सांगतो, माझ्या मांड्यांवर बैस. तेवढ्यात कंचुकी धावत येतो, मोडलं, मोडलं म्हणत. कोणी? भीमाने! मग कळतं की 'भीम' म्हणजे भयंकर वाऱ्याने रथाचा ध्वज मोडलाय. मांडी आणि भीम हे दोन शब्द शेजारी आले की प्रेक्षकाला पुढचं सांगावं लागत नाही.

शृंगाराचा प्रसंग नसता तर दुर्योधनाने मांडी पुढे केलीच नसती. आनंदवर्धनाच्या त्या एका वाक्यात या जागेचा उल्लेख नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर नकुलाचा गैरसमज आणि त्यानंतरची मनधरणी मी खुशाल कापेन, भानुमतीचं स्वप्न ठेवेन, आणि या वादळाला हात लावणार नाही.