सत्तासंतुलनाचा सिद्धांत आणि असईची लढाई

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या संगमालगतच्या प्रदेशात असई हे लहानसे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी या गावाच्या शिवारात ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती मेजर जनरल आर्थर वेलस्ली याने दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनला हरवले. तुमची युद्धातील सर्वांत चांगली कामगिरी कोणती, असे उतारवयात विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले होते. आपल्याकडे मात्र ही लढाई शालेय इतिहासात दोन ओळींत संपते.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासकाने असईकडे वळण्याचे कारण केवळ लष्करी नाही. एखादी सत्ता इतरांना डोईजड होऊ लागली की बाकीच्या सत्ता एकत्र येऊन तिला आवर घालतात, हे सत्तासंतुलनाच्या सिद्धांताचे मूळ सूत्र आहे. हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ मध्ये आणि केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये ते वेगवेगळ्या प्रकारे मांडले. वॉल्ट्झ यांच्या मते तर हे संतुलन राज्यकर्त्यांच्या इच्छेवर अवलंबून नसते. ज्या व्यवस्थेत सर्वांच्या वर कोणी सत्ताधीश नाही, तिच्या रचनेतूनच ते पुन:पुन्हा निर्माण होत राहते. मग अठराव्या शतकाच्या अखेरीस भारतात ते का निर्माण झाले नाही? पुणे, ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर, बडोदे, हैदराबाद आणि श्रीरंगपट्टण या दरबारांची एकत्रित शक्ती कंपनीपेक्षा निश्चितच मोठी होती. तरी १७९८ ते १८०५ या अवघ्या सात वर्षांत हे दरबार एकेक करून निष्प्रभ झाले.

या दरबारांना राजकारण कळत नव्हते, हे उत्तर सोयीचे असले तरी खरे नाही. कौटिल्याच्या मंडल सिद्धांतात विजिगीषू, अरि आणि मित्र यांच्याबरोबरच मध्यम आणि उदासीन अशा राजांचाही विचार आहे. उदासीन म्हणजे मंडलाबाहेरचा, बलवान आणि कोणाचाही पक्ष घेऊ शकणारा राजा. अठराव्या शतकातील बहुतेक दरबार कंपनीकडे नेमके याच दृष्टीने पाहत होते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी दिलेला इशारा तर त्याच्याही आधीचा, त्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, त्यांना किनाऱ्यावर मजबूत जागा देऊ नये, असे अमात्य बजावतात. व्यापारामागे उभी असलेली राज्यसत्ता इतक्या स्पष्टपणे ओळखणारा मजकूर त्या काळच्या भारतीय राजनीतिविषयक लेखनात दुर्मीळच म्हटला पाहिजे.

संतुलनाचा प्रत्यक्ष प्रयोगही झाला होता. १७८० मध्ये नाना फडणीसांनी हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना बरोबर घेऊन कंपनीविरुद्ध चौकडी उभारली. पाठ्यपुस्तकात द्यावे असे हे सत्तासंतुलनाचे उदाहरण आहे. वॉरन हेस्टिंग्जने ही चौकडी फोडण्यासाठी निजामाला गुंटूर परत केले, भोसल्यांना पैसे देऊन स्वस्थ बसवले. तरीही कंपनीला १७८२ च्या सालबाईच्या तहात जिंकलेला बराच मुलूख सोडावा लागला आणि पुढची वीस वर्षे मराठ्यांशी युद्ध टळले. तेव्हा भारतात संतुलन शक्यच नव्हते, असे म्हणता येत नाही. एकदा जमलेली गोष्ट दुसऱ्यांदा का जमली नाही, हा खरा प्रश्न आहे.

जवळचा शत्रू, दूरचा शत्रू

याचे सर्वांत समाधानकारक उत्तर स्टीफन वॉल्ट यांच्या १९८७ मधील मांडणीत मिळते. राज्ये केवळ शक्ती पाहून संतुलन साधत नाहीत, तर धोका पाहून साधतात, असे वॉल्ट सांगतात. धोका मोजण्याची चार परिमाणे ते देतात : एकूण सामर्थ्य, भौगोलिक जवळीक, आक्रमणाची क्षमता आणि आक्रमक हेतू. पुण्यातून पाहिले असता या चारही परिमाणांवर १८०२ मध्ये सर्वांत मोठा धोका कंपनीचा नव्हता, यशवंतराव होळकरांचा होता.

त्यामागे आधीच्या पाच वर्षांची वैराची साखळी होती. १७९४ मध्ये महादजी शिंदे आणि १८०० मध्ये नाना फडणीस निवर्तले. सप्टेंबर १७९७ मध्ये पुण्यात शिंद्यांच्या फौजेच्या हल्ल्यात मल्हारराव होळकर (दुसरे) मारले गेले. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले. त्याच वर्षी शिंदे आणि होळकर यांनी माळव्यात उज्जैन आणि इंदूर येथे एकमेकांचे रक्त सांडले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतरावांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला, तेव्हा बाजीराव कोकणात पळाला आणि तेथून इंग्रजांच्या आश्रयाने वसईला गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला.

या तहान्वये किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात कायमची येणार होती. तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश तोडून द्यायचा होता. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांतील युरोपीय माणसे नोकरीत ठेवायची नव्हती. आणि इतर सत्तांशी व्यवहार कंपनीच्या विचारानेच करायचा होता. परराष्ट्र धोरण गहाण टाकून गादी वाचवण्याचा हा सौदा होता. बलवानाच्या विरोधात न जाता त्याच्याच पंखाखाली जाण्याच्या या वर्तनाला आजच्या परिभाषेत अनुगमन म्हणता येईल. कौटिल्याच्या षाड्गुण्यात त्याला संश्रय म्हटले आहे. निजामाने १७९८ मध्ये आणि गायकवाडांनी १८०२ मध्ये हाच मार्ग धरला होता. त्यातही निजामाची गोष्ट अधिक बोलकी आहे. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला एकत्रित मराठी फौजांनी त्याचा पराभव केला, तेव्हा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिला. त्या अनुभवातून निजामाने आधी फ्रेंच अधिकाऱ्यांची पलटण वाढवली आणि तीन वर्षांनी तीही मोडून कंपनीचा हात धरला. खर्ड्याच्या विजयाचा आनंद पुण्यात मोठा झाला. त्याचे परराष्ट्रनीतीतील मोल मात्र उलट्या दिशेने गेले, असे माझे मत आहे.

उरले शिंदे, भोसले आणि होळकर. १८०३ च्या उन्हाळ्यात तिघांची एकजूट करण्याच्या वाटाघाटी झाल्या. होळकरांनी मने वळवून घेतली नाहीत. ते उत्तरेकडे निघून गेले आणि युद्धापासून अलिप्त राहिले. जॉन मिअरशायमर यांनी २००१ च्या ग्रंथात अशा वर्तनाची चर्चा केली आहे : लढण्याचा भार दुसऱ्यावर ढकलायचा, दोघे आपसांत झिजले की आपण ताजेतवाने उरायचे. हिशेब म्हणून तो चुकीचा नसतो. मात्र त्यासाठी लढणाऱ्या दोघांना झिजायला वेळ लागला पाहिजे. १८०३ चे युद्ध ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि डिसेंबरात संपले.

असईचा दिवस

युरोपात अमिअँचा तह मोडून मे १८०३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटले होते. शिंद्यांच्या कवायती फौजेचा उत्तरेतील सेनापती पेराँ हा फ्रेंच होता. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली, म्हणजे आर्थरचा थोरला भाऊ, याने या गोष्टीचा पुरेपूर उपयोग करून आपल्या विस्ताराला फ्रेंच धोक्याचे कारण दिले. ६ ऑगस्टच्या सुमारास युद्ध जाहीर झाले आणि १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. सप्टेंबरच्या प्रारंभी कर्नल स्टीव्हन्सनने शिंद्यांच्या ताब्यातील जालना घेतले. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची भेट होऊन दोन वाटांनी पुढे सरकण्याचे ठरले. दोन दिवसांनी वेलस्लीसमोर अपेक्षेपेक्षा आधीच शत्रूचा सारा तळ उभा राहिला आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने हल्ला केला.

त्याच्याजवळ सर्व मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास फौज होती. प्रत्यक्ष लढाईच्या फळीत सुमारे साडेचार हजार. समोर शिंद्यांची दहा हजारांहून अधिक कवायती पलटण, शंभराच्या घरात तोफा आणि हजारोंच्या संख्येने घोडदळ. केळणा ओलांडण्यास उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसताच वेलस्लीने तर्क केला की त्यांच्यामध्ये उतार असणारच, आणि तो खरा ठरला. शिंद्यांच्या पायदळाचा सेनापती अँथनी पोलमन हा जर्मन गृहस्थ होता. शत्रू बगलेवर आलेला पाहून त्याने आपली सारी फळी काटकोनात फिरवून पुन्हा उभी केली. हिंदी शिपाई अशी हालचाल करू शकतील, ही वेलस्लीची अपेक्षाच नव्हती.

तोफखान्याने केलेला संहार भयंकर होता. कंपनीकडील ४२८ माणसे ठार झाली, ११३८ जखमी झाली आणि १८ बेपत्ता झाली. म्हणजे फळीतील तिघांमागे एकाहून अधिक माणूस कामी आला. पडलेले गोलंदाज मेले असे समजून इंग्रज पुढे गेले, तेव्हा त्यांतल्या काहींनी उठून पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. अखेर ९८ तोफा वेलस्लीच्या हाती लागल्या. परंतु पाठलाग करण्याचे त्राण त्याच्या फौजेत उरले नव्हते. असा विजय मिळत असला तरी इतकी हानी पुन्हा पाहावी लागू नये, असे त्याने नंतर लिहिले. मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हातील हत्तीचा संबंध याच लढाईशी जोडला जातो, कारण कंपनीच्या फौजेतील बहुसंख्य शिपाई मद्रासकडचे होते. वेलस्लीच्या या मोहिमेत पेशव्यांकडील पथकांसह बापू गोखलेही होते. तेच बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले.

असईच्या आकड्यांवरून एक गोष्ट निर्विवाद दिसते. शस्त्रांच्या दर्जात शिंदे मागे नव्हते. सत्तेची मोजदाद तोफा आणि माणसे यांवरून करणाऱ्या सिद्धांतांना येथे ठेच लागते. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या युद्धाकडे लष्करी अर्थव्यवस्थेवरील ताब्याचा संघर्ष म्हणून पाहिले आहे. कवायती शिपाई, युरोपीय अधिकारी, बंजाऱ्यांचे बैल, सावकारांचे कर्ज या सर्वांचा भारतात एक खुला बाजार होता आणि वेळेवर रोख पगार देणारी सत्ता त्यात वरचढ ठरत होती. शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या अधिकाऱ्यांना गव्हर्नर जनरलने वेतनाची हमी दिली आणि अनेकजण ऐन युद्धाच्या तोंडावर निघून गेले. पेराँनेही सप्टेंबरात कंपनीचा आश्रय घेतला. बेगम समरूच्या पलटणी असईला शिंद्यांच्या बाजूने होत्या खऱ्या, पण त्या बहुतांशी शाबूत परतल्या. जे. सी. शर्मन यांनी २०१९ मधील ग्रंथात युरोपच्या विस्ताराचे श्रेय श्रेष्ठ शस्त्रतंत्राला देण्याच्या प्रथेवर आक्षेप घेतला आहे. भोकरदनच्या शिवारातील पुरावा त्यांच्या बाजूचा आहे.

सिद्धांताचे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. स्टुअर्ट कॉफमन, रिचर्ड लिटल आणि विल्यम वोलफोर्थ यांनी २००७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात प्राचीन काळापासूनच्या अनेक राज्यव्यवस्था तपासल्या गेल्या, आणि संतुलन जितक्या वेळा टिकले तितक्याच वेळा ते कोसळून एकाच सत्तेचे वर्चस्व आले, असे दिसून आले. युरोपच्या तीन-चारशे वर्षांच्या अनुभवावरून जगाचा नियम काढण्याची सवय त्यामुळे थोडी सैल झाली. चीनच्या उदयाबद्दल बोलताना आशियातील देश आपोआप एकत्र येतील किंवा आपोआप चीनकडे झुकतील, अशी दोन्ही भाकिते आज केली जातात. प्रत्येक राजधानीला कोणता धोका जवळचा वाटतो आणि तिचे कर्ज व पुरवठा कोणाकडून येतो, हे पाहिल्याशिवाय यांपैकी कोणतेही भाकीत करणे धाडसाचे ठरेल.

असईनंतर घटना वेगाने घडल्या. १ नोव्हेंबरला उत्तरेत लासवारीला शिंद्यांच्या उरलेल्या पलटणी संपल्या, २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगावला पुन्हा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावचा आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. यशवंतराव होळकर १८०४ मध्ये एकटेच लढायला उभे राहिले. त्यांनी कर्नल मॉन्सनची फौज उधळून लावली आणि कंपनीला जेरीस आणले. पण तोवर साथ देण्याजोगे कोणी उरले नव्हते. डिसेंबर १८०५ मध्ये त्यांनाही तह करावा लागला.

सुर्जी-अंजनगावच्या तहातील एका कलमाने शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेकडील आपला मुलूख सोडला. त्यात जालन्याचा किल्ला व परगणा यांचा नामनिर्देश आहे. कंपनीने हा प्रदेश स्वतःकडे ठेवला नाही; १८०४ च्या वाटणीत तो आपला मित्र निजाम याला दिला. पुढे जालना हे इंग्रजी छावणीचे गाव झाले, पण राज्य निजामाचेच राहिले. ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपले.