लिंझच्या घाटावरची पिंपं

१६१३ सालच्या शरदात ऑस्ट्रियात द्राक्षांचं पीक उदंड आलं होतं. डॅन्यूबमधून वाईननं भरलेल्या नावा येत होत्या, लिंझ शहराच्या काठावर पिंपांच्या राशी लागल्या होत्या आणि भावही उतरले होते. योहानेस केप्लर तेव्हा याच गावी नव्यानं संसार मांडत होता. पहिली पत्नी वारली होती, प्राग सुटलं होतं आणि ३० ऑक्टोबरला त्याचं दुसरं लग्न झालं होतं. कर्त्या पुरुषानं घरात पेयाची बेगमी करायची, या रिवाजानं त्यानंही काही पिंपं घरी आणवली.

चार दिवसांनी विक्रेता मोजमापाला आला. त्याच्या हातात एकच गज होता. पिंपाच्या पोटाला मधोमध असलेल्या बुचाच्या भोकातून तो गज तिरपा आत सरकवायचा, समोरच्या तळाच्या खालच्या कडेला टेकवायचा, ओल्या खुणेपाशी कोरलेला आकडा वाचायचा आणि किंमत सांगायची. पिंप बुटकं की लांबट, याची चौकशी नाही. मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं चार वर्षांपूर्वीच जगाला सांगणारा हा माणूस त्या हिशेबानं चकित झाला. लांब पण अरुंद पिंपातही गज तेवढाच आत जाईल आणि वाईन मात्र कितीतरी कमी निघेल, हे त्याला दिसत होतं.

त्या शंकेतून १६१५ मध्ये लिंझमध्ये ‘नोवा स्टेरिओमेट्रिया डोलिओरम व्हिनारिओरम’, म्हणजे ‘वाईनच्या पिंपांचं नवं घनमापन’, हा लॅटिन ग्रंथ छापून निघाला. वक्ररेषा अक्षाभोवती फिरवून तयार होणाऱ्या घनाचं घनफळ काढण्याचं जे प्रकरण आज कलनशास्त्राच्या पुस्तकात भेटतं, त्याच्या कुळातला हा मोठा पूर्वज.

मूळ पुरुष मात्र आर्किमिडीज. गोल आणि पॅराबोला किंवा लंबवर्तुळ फिरवून होणारे घन यांची घनफळं त्यानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सिद्ध केली होती. पण त्या सिद्धता दोन्ही बाजूंनी कोंडी करून ‘याहून जास्त नाही, याहून कमीही नाही’ असं दाखवणाऱ्या होत्या. उत्तर सुचलं कसं, हे त्यांत दिसत नसे. ते सांगणारं त्याचं लिखाण १९०६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका जुन्या चर्मपत्रावर सापडलं. केप्लरला ते ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

केप्लरनं ती कडक शिस्त बाजूला ठेवली आणि घन सरळ कापायला घेतला. गोल म्हणजे मध्यबिंदूत टोकं जुळलेले असंख्य निमुळते शंकू. मेदूवड्यासारखं कडं असेल, तर मधल्या अक्षातून जाणाऱ्या प्रतलांनी त्याच्या पातळ चकत्या पाडायच्या. प्रत्येक चकती आतून पातळ, बाहेरून जाड. सरासरी जाडी मध्यावरची. सगळ्या रचल्या की एक दंडगोल होतो. त्याचा तळ म्हणजे कड्याचा छेद आणि उंची म्हणजे छेदाच्या मध्यबिंदूनं फिरताना आखलेला परीघ.

मग त्यानं वक्ररेषा निरनिराळ्या अक्षांभोवती फिरवून पाहिल्या. वर्तुळाचा लहान खंड जीवेभोवती फिरवला तर लिंबू, मोठा खंड फिरवला तर सफरचंद, अशी नावं त्यानं या आकारांना दिली. आर्किमिडीजच्या यादीत त्यानं ८७ नव्या घनांची भर घातली. साऱ्यांची घनफळं त्याला काढता आली नाहीत. पण इतके नवे प्रश्न एकदम मांडणं हेच मोठं काम होतं.

गोलाच्या त्या टोकदार तुकड्यांची कल्पना महाराष्ट्रातही आधी येऊन गेली होती. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचणाऱ्या भास्कराचार्यांनी गोलाच्या पृष्ठफळाला व्यासानं गुणून सहानं भागायला सांगितलं आणि त्याचं कारण मध्यबिंदूपर्यंत जाणाऱ्या सूचींनी समजावलं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यानं मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. केप्लरपर्यंत हे पोचल्याचा पुरावा नाही. दोघं आपापल्या वाटेनं तिथं आले.

तर मग गजवाला फसवत होता का? केप्लरनं हिशेबासाठी पिंप म्हणजे साधा दंडगोल धरला. गजाची तिरपी लांबी ठरलेली असताना सर्वांत जास्त वाईन कोणत्या आकारात मावेल? उत्तर आलं: लांबी तळाच्या व्यासाच्या वर्गमूळ २ पट, म्हणजे सुमारे १.४१ पट असेल तेव्हा. ऑस्ट्रियातले पिंप बांधणारे कारागीर तळाची त्रिज्या फळीच्या लांबीच्या एक तृतीयांश ठेवत, म्हणजे लांबी व्यासाच्या दीडपट. गज ५ मापांचा धरला तर व्यास ४ आणि अर्धी लांबी ३. या आकाराचं घनफळ कमाल घनफळापेक्षा पाव टक्क्याहूनही कमीनं उणं पडतं! कारागिराचा हात थोडा इकडेतिकडे झाला तरी गजाचा आकडा जवळपास खराच राहतो.

या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोलाचं हेच वाटतं. शिखराजवळ बदल जवळजवळ जाणवतच नाही, हे केप्लरनं लिहून ठेवलं. पुढे फर्मानं कमाल-किमान मूल्यं शोधण्याची पद्धत याच जाणिवेवर उभी केली. आजचा विद्यार्थी विकलज शून्य मांडतो तेव्हा हेच वापरतो.

पुढचा प्रवास वेगात झाला. काव्हालिएरीनं १६३५ मध्ये चकत्यांच्या विचाराला पद्धतीचं रूप दिलं. टोरिचेल्लीनं अनंत लांबीच्या एका घनाचं घनफळ सांत असल्याचं दाखवलं. २९ ऑक्टोबर १६७५ रोजी लायब्निझनं बेरजेसाठी लांब ‘एस’ लिहिला. तेच आजचं समाकलनाचं चिन्ह.

मधल्या काळात पिंपासाठी एक सोपा नियमही रुळला. दोन्ही टोकांची क्षेत्रफळं आणि मधल्या छेदाच्या क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करायची, लांबीनं गुणायचं आणि सहानं भागायचं. लांबी ९० सेंटिमीटर, टोकांचा व्यास ६० आणि पोटाचा ७० असेल तर सुमारे ३१६ लिटर येतात. आपण याला सिम्पसनचा नियम म्हणतो, जर्मन भाषेत तो केप्लरचा पिंपनियम आहे. समाकलन शिकवणाऱ्या शिक्षकांनी सूत्र लिहिण्याआधी फळ्यावर हे पिंप काढावं, त्यात तिरपा गज घालावा आणि भाव बरोबर लागला का, हे मुलांनाच विचारावं.