परळच्या रश्श्याची कुळकथा

पेशी एकमेकींना निरोप कसे पाठवतात याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत आज बोटाएवढी कुपी येते. तळाशी पांढरी भुकटी असते. आत कोणती पेप्टाइडं आहेत आणि प्रत्येक किती मिलिग्रॅम, हे लेबलवर छापलेलं असतं. अनेक निरोप एकदम आले तर पेशी काय करते, ते पाहायला अशी मिश्रणं लागतात. या कुपीची पणजी मुंबईत शोधली तर ती सापडते बकऱ्याच्या मटणाच्या रश्श्यात. हे नातं मी अगदी मनापासून मानतो.

1896च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. प्लेगवर लस करायची तर आधी त्याचे जंतू भरपूर वाढवायला हवेत, म्हणजे त्यांना पोटभर खायला हवं. गाईच्या किंवा डुकराच्या मांसावर वाढवलेली लस इथे कोणी टोचून घेतली नसती, म्हणून बकरा. त्याचं मांस हायड्रोक्लोरिक आम्लात शिजवलं की प्रथिनांच्या लांब साखळ्या तुटतात आणि त्यांचे लहान तुकडे रश्श्यात उतरतात. हे तुकडे म्हणजेच पेप्टाइडं.

रश्श्यावर तुपाचे थेंब सोडायचे आणि चंबूला धक्का लागू द्यायचा नाही. थेंबांच्या पोटाला जंतू धरतात आणि काही दिवसांत वडाच्या पारंब्यांसारखे खाली उतरू लागतात. मग चंबू हलवून त्या पारंब्या तळाशी पाडायच्या आणि नव्या येऊ द्यायच्या. असं महिनाभर तरी चालायचं. शेवटी तापवून जंतू मारायचे आणि थोडं कार्बॉलिक आम्ल घालायचं. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. 1899च्या ऑगस्टमध्ये सगळा पसारा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आला. 1925पासून त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे.

त्या रश्श्यात कोणतं पेप्टाइड किती, हे हाफकिन यांना सांगता आलं नसतं. तेव्हा तो शब्दच नव्हता. 1902मध्ये रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी तो ‘पेप्टोन’वरून घडवला. त्याच्या मुळाशी पचनाचा ग्रीक शब्द आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेलिस आणि स्टार्लिंग यांना सिक्रेटिन सापडलं. लहान आतड्यातून निघून ते रक्तावाटे स्वादुपिंडाला रस सोडायला सांगतं. तेही 27 अमिनो आम्लांचं पेप्टाइडच, हे बऱ्याच दशकांनी उमगलं. जंतूंच्या ताटातला घास शरीरात निरोप्याचं कामही करत होता!

परळचा रस्साही बदलला. 1932मध्ये साहिब सिंग सोखी संचालक झाले. त्यांच्या काळात मटणाची जागा दुधातल्या केसीनच्या तुकड्यांनी घेतली. 1963मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ मेरिफिल्ड यांनी एकेक अमिनो आम्ल जोडत हवं ते पेप्टाइड बांधण्याची सोपी रीत दिली, आणि मोजूनमापून मिश्रण करणं आवाक्यात आलं.

मोजलं म्हणून उलगडलं असं मात्र होत नाही. दोन पेप्टाइडं पेशीवरच्या एकाच रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, हक्क सांगू शकतात. म्हणून तीन पेप्टाइडांच्या मिश्रणासाठी प्रयोगाच्या ताटलीत पेशींचे आठ खड्डे लागतात: तीन एकेकट्या पेप्टाइडांचे, तीन जोड्यांचे, एक तिन्हींचा आणि एक काहीच न घातलेला. तो आठवा खड्डा नसेल तर बाकीच्या सातांचा अर्थ लागत नाही.

फिशर यांच्या शब्दाच्याच वर्षी, 1902मध्ये, पंजाबातल्या मल्कोवाल गावी प्लेगच्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वातानं गेले. प्लेगच्या लशीत दोष नव्हता, त्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते. बाटलीत आणखी काय शिरलंय, हे बाहेरून दिसत नाही. आज पेप्टाइडांच्या कुप्या घरबसल्या मागवता येतात. ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेली कुपी कोणाच्याही सांगण्यावरून स्वतःला टोचून घेऊ नका.