गारगोटीवर कोरलेलं नाव

लहानपणी दिवे गेले की पांघरुणात शिरून दोन गारगोट्या एकमेकींवर घासायच्या, हा आमचा आवडता उद्योग. क्षणभर पिवळट उजेड पडे आणि नाकाशी जळका वास येई. आकाशातून पडते ती गार, जमिनीत सापडते तीही गारच. तिचा मुठीत मावणारा गोटा म्हणजे गारगोटी. काडेपेटी येण्याआधी चकमकीच्या लोखंडावर तीच आपटून विस्तव करत. विस्तव झाला की तिचं काम संपलं.

अशा दगडाचं नाव एका संग्रहालयाला मिळालं. नाशिकजवळ सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत के. सी. पांडे यांनी खनिजांचं संग्रहालय उभारलं, त्याचं नाव 'गारगोटी'. पांडे खनिजांचे व्यापारी आणि संग्राहक. गंमत अशी की तिथे ज्यांच्यावर नजर खिळते, त्यांतले कितीतरी नमुने गारगोटी नव्हेतच. अस्सल गारगोटी काचेवर ओरखडा काढते. तिथली स्टिल्बाइट आणि ह्यूलंडाइट ही खनिजं मात्र इतकी मऊ की चाकूच्या टोकानेही ओरखडतात. पण नाव चपखल आहे. विहीर खणताना काळ्या पाषाणातून पांढरं काही चमकलं की आपला माणूस गारगोटीच म्हणतो.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपत्या पाण्याने त्यांत स्फटिक वाढवले. पहारीच्या घावाने अशी एखादी पोकळी फुटली की आत गव्हाच्या पेंढीसारखा, कमरेत आवळलेला फिकट गुलाबी स्टिल्बाइट दिसतो. शेजारी चौकोनी, टोकाला निमुळता होत गेलेला, पाण्यासारखा स्वच्छ अपोफिलाइट असतो. ह्यूलंडाइटच्या सपाट अंगावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक असते. नाशिकच्या पांडवलेणी परिसरातल्या खाणींत पिवळसर पॉवेलाइटही सापडला. खडी फोडणाऱ्याच्या लेखी मात्र ही सगळी अडगळ.

यांतल्या स्टिल्बाइट आणि ह्यूलंडाइटच्या घराण्याचं शास्त्रीय नाव झिओलाइट, म्हणजे 'उकळणारा दगड'. 1756 मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी एक खडा तापवला, तो पाणी सोडत फसफसू लागला, आणि त्यावरून हे नाव पडलं. ह्यूलंडाइटची कुळी मात्र थेट बाजारात निघते. हेन्री ह्यूलंड 1778 साली जर्मनीतल्या बायरॉइटला जन्मला. त्याचे काका जेकब फॉर्स्टर लंडनमध्ये खनिजांचा व्यापार करत. त्यांच्यामागे तो धंदा पुतण्याने सांभाळला. देशोदेशीचे खडे आणायचे, निवडायचे, लिलावात काढायचे, हे त्याचं जन्माचं काम. स्वतःचा एक मोठा संग्रह त्याने चार्ल्स टर्नर या श्रीमंताला विकला. तो पुढे हेन्री लडलम यांच्याकडे गेला आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार 1880 मध्ये सार्वजनिक संग्रहालयाच्या स्वाधीन झाला. विकणारा एक, जपणारा दुसरा, देणारा तिसरा. नाव मात्र आधीच पहिल्याचं लागलं होतं. 1822 मध्ये ब्रूक या खनिजतज्ज्ञाने या स्फटिकाला ह्यूलंडाइट म्हटलं.

याचं मला नवल वाटत नाही. व्यापाऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं, पण हा दगड खडीत जाऊ नये हे पहिल्यांदा त्यालाच कळतं. आणि दगडावर नाव ठेवण्याची हौस आमच्या नाशिकलाही जुनीच. पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आपली दानं कोरून ठेवतो: विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2000 कार्षापण नाण्यांची ठेव, व्याज महिन्याला शेकडा एक. लेणं कुणी कोरलं, ते तिथे लिहिलेलं नाही. ह्यूलंडाइट फोडून वर काढणाऱ्याचं तरी कुठे लिहिलंय?

बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला गेला तेव्हाही असे स्फटिक निघाले. तो मार्ग 1863 मध्ये सुरू झाला. त्या काळच्या परदेशी संग्रहांतल्या चिठ्ठ्यांवर कित्येकदा नुसतं 'पूना' एवढंच असतं. कुठला घाट, कुठलं गाव, काही पत्ता नाही. मूळ ठिकाण ठाऊक नसलेला खडा कितीही देखणा असला तरी अभ्यासकाच्या लेखी अर्धाच.

म्हणून तुमच्या विहिरीत किंवा पायाच्या खड्ड्यात असं काही चमकलं, तर हातोडी बाजूला ठेवा. मातीसकट अलगद उचला, साध्या पाण्याने धुवा, आणि सोबत एक चिठ्ठी ठेवा: गाव, शिवार, किती फुटांवर सापडलं, आणि पहार कुणाच्या हातात होती.