गाडी कोणाची?

मुंबईचे अक्षय वर्दे बुलेटसारख्या गाड्यांना पूर्ण नवं रूप देतात. त्यांच्या कंपनीचं नाव ‘वर्देंची’. यातला ‘ची’ मला फार आवडतो. कारखान्यातून आलेली गाडी खोलून पुन्हा जोडणाऱ्याची कधी होते? पिंपरी-चिंचवडमध्ये हा प्रश्न जुना आहे. फक्त तेव्हा तो हौसेपेक्षा गरजेचा होता.

लायसन्स राजमध्ये किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवायचं. बजाजच्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. गाडी मिळाली की ती टिकवणं भागच होतं. राजदूत आणि येझदी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, त्यामुळे सायलेन्सरमध्ये काजळी साचायची. मग तो काढून आगीत भाजायचा. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी; ती नीट ठेवली नाही तर गाडी चालूच व्हायची नाही. प्लग पॉलिश पेपरने घासायचा. येझदीत तर किक आणि गिअरचा दांडा एकच, त्यामुळे गाडी कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय ती नीट चालवताही यायची नाही.

या पट्ट्यात आणखी एक सोय होती. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि पुढे पिंपरी-भोसरीत टर्नर, फिटर, लेथ यांची वाण उरली नाही. सिलिंडर झिजला की बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा. पार्ट मिळाला नाही तर बुधवार-रविवारी पुण्याचा जुना बाजार पालथा घालायचा.

१ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांमधला कार्बोरेटर गेला. पेट्रोल किती सोडायचं हे आता सेन्सरचे आकडे वाचून ईसीयू ठरवतो. धूर कमी झाला, हे चांगलंच झालं. पण मी स्वतः कोड लिहितो, त्यामुळे एक गोष्ट खटकते: पान्याने खोलता येणारी गाडी आता सॉफ्टवेअरने बंद आहे. अनेक कामांना कंपनीचाच स्कॅनर लागतो.

दुसरीकडे कायदाही कडक झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरबद्दल मला कोणाचीच बाजू घ्यायची नाही.

पण बदल करणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनंही आहेत. मारुंजीत आयटीवाल्यांच्या टॉवरखाली आजही छोटी गॅरेजं आहेत. तिथल्या मेकॅनिकला सर्व्हिस मॅन्युअल, एरर कोडचा अर्थ आणि परवडणारा स्कॅनर मिळायला हवा. नाहीतर आरसी बुकावर नाव आपलं आणि हप्तेही आपले, पण बिघडलेल्या गाडीला हात लावायची परवानगी मात्र कंपनीकडे मागावी लागेल.