डुक्कर, डिलाइट, पद्मिनी

जुन्या गाड्यांच्या रॅलीत गोल नाकाची, गुबगुबीत अंगाची एखादी बुटकी फियाट हमखास असते. तिचं पुढचं दार उघडलं की नवखा माणूस चमकतो. एरवी मोटारीच्या पुढच्या दाराच्या बिजागऱ्या पुढे असतात; इथे त्या मधल्या खांबाला आहेत आणि दार पुढून मागे उघडतं, घरातल्या कपाटासारखं. आत शिरायला ते सोयीचं, पण चालत्या गाडीत चुकून कडी सुटली तर वाऱ्याने सताड फाकणारं. जाणकाराला मात्र दार उघडेपर्यंत थांबायची गरज नसते. नाक पाहूनच तो म्हणतो, ‘डुक्कर आहे.’

ही शिवी नव्हे, मॉडेलचं नाव आहे. इटलीतल्या कारखान्याने या गाडीला ‘११००’ एवढा कोरडा आकडा दिला होता. तिच्या फुगीर नाकाकडे बघून मुंबईकराने तिचं बारसं केलं, आणि आज महाराष्ट्राबाहेरचे संग्राहकही तिला ‘डुक्कर फियाट’च म्हणतात. मूळ इटालियन, बांधणी मुंबईची आणि नाव मराठी: जुन्या गाडीचं कुळ शोधायला बसलं की असा गुंता सुरुवातीलाच हाती येतो.

या कुळाचा मूळपुरुष १९३७ सालचा. तुरीन शहरातल्या फियाट कंपनीने त्या वर्षी आपल्या ‘बालिला’ या लहान गाडीची नवी आवृत्ती काढली. तिच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. हिशेब केला की १०८९ सीसी येतात. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे कामाला येईल.

युद्धानंतर फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांच्या हाताखाली गाडी पुन्हा मुळापासून आखली गेली. १९५३च्या जिनीव्हा प्रदर्शनात ‘नवी ११००’ अवतरली. जुन्या पद्धतीत खाली वेगळी लोखंडी चौकट आणि तिच्यावर बसवलेला डबा असे. इथे चौकट गेली. पत्र्याचा डबाच सगळा भार पेलू लागला. मुंबईची डुक्कर ती हीच. जर्मनीत हाइलब्रॉनच्या कारखान्यात हीच गाडी बनली, तेव्हा तिथल्या नदीवरून तिला ‘नेकार’ म्हणू लागले.

मुंबईत ती पोचली वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या कारखान्यामुळे. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने मोटारीच्या कारखान्याचा ध्यास तीसच्या दशकापासूनच घेतला होता. त्यात सर विश्वेश्वरय्यांचीही साथ होती. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याला कारखाना आला. पहिला करार होता अमेरिकेच्या क्रायस्लरशी. म्हणून त्या काळात इथून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशा तीन नावांच्या गाड्या बाहेर पडत. अंग जवळपास तेच. जाळी, चंदेरी पट्ट्या आणि बिल्ला तेवढा निराळा. गाडीचं नाव आणि गाडीचं कुळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुर्ल्याला असं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पन्नासच्या दशकात फियाटशी संबंध जुळले. आधी चिमुकली ‘५००’, मग ११००. डुक्करनंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, आणि १९६४च्या सुमारास ‘डिलाइट’. डिलाइटपर्यंत येताना नाकाचा फुगीरपणा गेला, चौकोनी जाळी आली, दारं सरळ उघडू लागली आणि मागच्या दिव्यांवर माशाच्या परासारखी छोटी टोकं उगवली. ही टोकं म्हणजे अमेरिकेत पन्नासच्या दशकात आलेल्या फॅशनचा इटलीमार्गे कुर्ल्यापर्यंत पोचलेला शिंतोडा.

डिलाइटचं मूळ म्हणजे इटलीची ‘११०० डी’. दोघींना शेजारी उभं केलं तर जुळ्या बहिणी वाटतील. फरक बॉनेटखाली आहे. इटालियन डीमध्ये सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर करून इंजिन १२२१ सीसीचं केलेलं होतं. भारतीय गाडीत मात्र व्यास ६८ आणि धाव ७५ कायम राहिली, म्हणजे तेच १०८९ सीसी. १९३७ साली आखलेलं ते माप कुर्ल्याच्या गाडीत २००० सालाच्या सुमारापर्यंत टिकलं. इटलीत ११०० डी १९६६मध्येच बंद झाली होती.

सत्तरच्या दशकात फियाटबरोबरचा करार संपला आणि इटालियन नाव सोडावं लागलं. काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’, मग १९७४च्या सुमारास चितोडच्या राणीवरून ‘प्रीमियर पद्मिनी’. बिल्ला बदलला, गाडी तीच राहिली. टॅक्सीवाला, मेकॅनिक आणि घरातली म्हातारी माणसं शेवटपर्यंत तिला ‘फियाट’च म्हणत राहिली. तसं पाहिलं तर त्यांचंच बरोबर होतं. फियाट हे आडनाव नाही. ‘तुरीनचा इटालियन मोटार कारखाना’ या अर्थाच्या चार इटालियन शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. शेवटचा ‘ट’ तुरीनचा. कंपनीने कागदावरून पुसलेलं माहेर लोकांच्या तोंडी राहिलं.

प्रीमियरने १९८५ साली आणलेली ‘११८ एनई’ ही गाडी तर ओळखणाऱ्याची खरी परीक्षा घेते. खोक्यासारखी सरळ, चौकोनी. हिचं मूळ फियाट १२४, म्हणजे युरोपात १९६७ची ‘कार ऑफ द इयर’ ठरलेली गाडी. पण नावातला ‘एन’ निस्सानचा: इंजिन जपानी आखणीचं. इटालियन देह, जपानी हृदय आणि पत्ता कुर्ल्याचा. तिची भावंडं तर जगभर. स्पेनमध्ये सेआत १२४, तुर्कस्तानात मुरात १२४, आणि सगळ्यांत प्रसिद्ध १९७०पासूनची सोव्हिएत लाडा. ती जिथे बनली त्या शहराला १९६४ साली इटलीच्या कम्युनिस्ट नेत्याचं, तोल्यातींचं नाव दिलेलं होतं. फियाटशी करार झाला त्यानंतर दोन वर्षांनी.

लाडा ओळखायला बिल्ला लागत नाही. रशियातले खड्डे आणि थंडी लक्षात घेऊन तिचा पत्रा जाड केला, अंग जमिनीपासून उंच उचललं आणि मागच्या चाकांचे डिस्क ब्रेक काढून ड्रम बसवले. दाराच्या मुठी बाहेर न येता खळग्यात बसलेल्या. पुढच्या बंपरमध्ये हँडल घालायला भोकही ठेवलेलं, बॅटरी गारठली तर हाताने फिरवून सुरू करण्यासाठी. हवामान आणि रस्ते असे गाडीच्या अंगावर गोंदलेले असतात.

त्या काळच्या बाकीच्या ‘भारतीय’ गाड्यांचंही हेच. अँबेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. काँटेसा म्हणजे व्हॉक्सहॉलची व्हिक्टर. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड ब्रिटिश ट्रायम्फची, पण तिची आखणी केली मिकेलोत्ती या तुरीनच्याच कलावंताने. भारतात तिला चार दारांची केली. तसलं रूप तिला माहेरी कधी मिळालंच नाही. म्हणून चार दारांची हेराल्ड दिसली तर डोळे मिटून सांगावं, ही मद्रासची.

मुंबईने मात्र जीव लावला तो पद्मिनीला. काळं अंग, पिवळं टप, डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे सलग बाक, टपावर सामानाचं कॅरिअर. कारखाना कुर्ल्यात असल्यामुळे सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक, दोन्ही हाकेच्या अंतरावर. मारुती आली, १९९१नंतर परदेशी गाड्यांना दारं उघडली, आणि पद्मिनीचं उत्पादन थांबलं. पण टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. मुंबईत टॅक्सीचं वय वीस वर्षांच्या पलीकडे जाऊ देत नाहीत. त्या हिशेबाने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यावरून उतरली.