'मॅड'चे नकलाकार

एखादे कॉमिक खपू लागले की त्याच्या नकला निघणारच, ही अमेरिकन कॉमिक व्यवसायाची जुनी रीत. न्यूयॉर्कच्या ईसी कॉमिक्सने १९५२ मध्ये दहा सेंटांत 'मॅड' हे विडंबनाचे कॉमिक बाजारात आणले. प्रकाशक विल्यम गेन्स, संपादक हार्वी कर्ट्झमन. पुढच्या दीड वर्षात सेंट जॉनचे 'व्हॅक', ॲटलसची 'क्रेझी' आणि 'वाइल्ड', चार्लटनचे 'एह!', हार्वी कंपनीचे 'फ्लिप', रॉस अँड्रू आणि माइक एस्पोझिटो यांचे 'गेट लॉस्ट' अशी रांगच लागली. 'व्हॅक' आणि 'गेट लॉस्ट' तीन-तीन अंकांत आटोपली, 'फ्लिप' तर दोनच अंकांत. ही सगळी दुय्यम माणसांची भुरटी कामे होती असे सर्रास म्हटले जाते. मला ते मान्य नाही. 'व्हॅक'मध्ये ज्यो क्यूबर्ट होता, ॲटलसकडे रस हीथ आणि ज्यो मनीली होते. ज्यांच्या रेषेपुढे आजही मान तुकवावी, अशी ही माणसे. उणीव हाताची नव्हती. आपण नेमकी कशाची नक्कल करतो आहोत, हेच या प्रकाशकांना कळले नव्हते.

'मॅड'च्या चौथ्या अंकातले 'सुपरड्यूपरमॅन' घ्या. चित्रे वॉली वूडची, गच्च भरलेली. वरवर पाहिले तर एका अचाट नायकाची टिंगल: क्लार्क बेंट नावाचा दीनवाणा कारकुंडा वर्तमानपत्राच्या कचेरीतली थुंकदाणी साफ करतो. पण कथेचा कणा वेगळाच आहे. सुपरड्यूपरमॅनची गाठ पडते पैशाच्या मागे लागलेल्या कॅप्टन मार्बल्सशी. 'सुपरमॅन'च्या मालकांनी 'कॅप्टन मार्व्हल'च्या प्रकाशकांवर १९४१ पासून चालवलेला खटला वाचकांच्या डोळ्यांसमोर होता, आणि ही मारामारी म्हणजे तोच खटला होता. कर्ट्झमन बहुतेक मजकूर स्वतः लिहायचा, चौकटीन् चौकट स्वतः आखून चित्रकाराच्या हाती द्यायचा. त्यामुळे विनोद कोणावर आहे हे पहिल्या चौकटीपासून ठरलेले असे. चित्रकार विल एल्डर पार्श्वभूमीत पाट्या, उंदीर, भलतीच माणसे कोंबायचा, ती वरची फोडणी. नकलाकारांनी ती फोडणी तेवढी उचलली. वेडीवाकडी नावे आणि गर्दीने फुटणारी चौकट एवढ्यालाच ते विडंबन समजले.

यावर कोणी म्हणेल, या अंकांचा जीव कॉमिक्स कोडने, म्हणजे व्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीने, घेतला. पण कोड आला ऑक्टोबर १९५४ मध्ये. 'व्हॅक', 'फ्लिप', 'गेट लॉस्ट', 'क्रेझी', 'वाइल्ड' ही सगळी त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत थांबली होती. कॉमिक्सबद्दल सेनेटच्या उपसमितीची चौकशी एप्रिलमध्ये सुरू झाली, तिचा धाक आणि बाजारातली गर्दी यांचा वाटा मी नाकारत नाही. मात्र त्याच बाजारात 'मॅड' टिकून होते. याहून बोलका पुरावा ईसीच्याच घरातला आहे. गेन्सने स्वतःच 'पॅनिक' नावाची नक्कल काढली. छापणारे तेच, चित्रकारही बरेचसे तेच: वूड, एल्डर, जॅक डेव्हिस. बदलला तो संपादक, अल फेल्डस्टाइन. 'पॅनिक'चा पहिला अंक मॅसॅच्युसेट्समध्ये बंदी येण्याइतका गाजला, तरीही बाराव्या अंकानंतर ते बंद पडले. सगळे साहित्य तेच असूनही पदार्थ तो जमला नाही.

खरा अवघड आक्षेप पुढे आहे. कर्ट्झमन १९५६ मध्ये 'मॅड' सोडून गेला आणि त्याच्या जागी आला तो हाच फेल्डस्टाइन. मग कर्ट्झमनवाचून अडले कुठे? माझे उत्तर असे: 'पॅनिक'मध्ये फेल्डस्टाइन दुसऱ्याच्या डोक्याने चालला, 'मॅड'मध्ये त्याने स्वतःचे डोके चालवले. तोवर 'मॅड'चे कॉमिक जाऊन मासिक झाले होते. त्याने डॉन मार्टिन, मॉर्ट ड्रकर अशी नवी माणसे आणली, रोख जाहिराती आणि टेलिव्हिजनकडे वळवला, आणि जाहिरातींची खिल्ली उडवणाऱ्या मासिकात जाहिरात घेणे दशकानुदशके टाळले गेले. १९५८ मध्ये निघालेले 'क्रॅक्ड' नक्कल असूनही कित्येक दशके चालले हे खरे, आणि 'मॅड'च्या पहिल्याच अंकात चित्रे काढलेला जॉन सेव्हरिन त्याचा आधारस्तंभ होता. पण 'मॅड'चा अंक वाचून संपलेल्या मुलाला पुढच्या अंकापर्यंत काहीतरी हवे असते, त्या भुकेवर ते जगले. फेल्डस्टाइनचे 'मॅड' मात्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंकामागे वीस लाखांच्या वर खपत होते.